पाण्याला वाट द्या, पाय टिकेल

घरातले कुणी वयस्कर माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडले, की पहिले वाक्य ठरलेले असते. ‘किती वेळा सांगितले, बघून चालत जा म्हणून!’ पडलेले माणूसही ते मान्य करते. ‘माझेच चुकले, घाई केली.’ मग एक्स-रे, प्लास्टर, कधी शस्त्रक्रिया, रात्रीच्या जागरणांच्या पाळ्या. दोन-तीन महिन्यांनी आजी वॉकर धरून घरात चालू लागतात, तेव्हा न्हाणीघर मात्र होते तसेच असते. तीच आरशासारखी फरशी, तोच कोपऱ्यातला साबणाचा ओघळ आणि दाराशी तीच झिजलेली स्लिपर.

दोष माणसाला देऊन फरशीला मोकळे सोडण्याची ही सवय महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि त्यांत सर्वाधिक वाटा साठीपुढच्यांचा असतो. पडण्याची कारणे अनेक असतात. चक्कर, अंधूक दिसणे, रक्तदाबाची औषधे, स्नायूंची कमजोरी ही सगळी त्यात येतात. पण ओल्या जमिनीवर पाय सटकणे हे असे कारण आहे, की ज्यावर कोणतेही औषध न घेता, केवळ वस्तू नीट निवडून उपाय करता येतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के वर्षभरात दगावतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. भारतात २०११च्या जनगणनेतच साठीपुढच्यांची संख्या १० कोटींच्या वर होती. त्यामुळे ‘बघून चाला’ हा सल्ला पुरेसा आहे का, हे एकदा तपासून पाहायला हवे.

त्यासाठी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर लागेल. पाणी नेमके केव्हा घसरवते आणि केव्हा घसरवत नाही?

भोकातून वर आलेले तेल

दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकू न देणारा पातळ थर म्हणजे वंगण. हा थर वरचे वजन कसा काय पेलतो, हे माणसाला फार उशिरा कळले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले. आस फिरू लागला आणि तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर तेही बाहेर ढकलले गेले. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून अरुंद फटीत नेत होता. तिथे तेलाचा दाब इतका वाढत होता, की वरचा सगळा भार त्या थरावरच तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. आजही यंत्रांची बेअरिंगे त्याच गणिताच्या आधारे बनतात.

त्या गणिताचा मथितार्थ असा, की थर टिकायला तीन गोष्टींची मदत होते. द्रव दाट हवा, पृष्ठभागांचा वेग पुरेसा हवा आणि द्रवाला बाजूने निसटायला जागा मिळता कामा नये. यातल्या पहिल्याच कसोटीत पाणी मागे पडते. खोलीच्या तापमानाला इंजिनात घालायचे तेल पाण्याच्या शंभरपटीहून अधिक दाट असते. पाणी पातळ असल्याने दाबाखालून पटकन निसटते. म्हणून बिजागरी कुरकुरली तर तिला कुणी पाणी घालत नाही.

मात्र उरलेल्या दोन गोष्टी जुळल्या, तर पाणीही उत्तम वंगण ठरते. याचे उदाहरण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहे. बोअरमध्ये सोडलेल्या अनेक सबमर्सिबल पंपांत दांडा ज्या रबरी बुशमध्ये फिरतो, त्याला तेल नसते. बोअरचे पाणीच त्याचे वंगण असते. पाणी खाली गेले आणि पंप कोरडा चालला, की तोच बुश तापतो आणि जळतो. या रबरी बेअरिंगचा शोधही अपघातानेच लागला. १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपाचे बेअरिंग वारंवार झिजत होते. चार्ल्स शेरवूड या खाण अभियंत्याने तात्पुरती सोय म्हणून तिथे रबरी नळीचा तुकडा बसवला. तो नेहमीच्या धातूच्या बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त टिकला. पुढे बोटी आणि जहाजांच्या पंख्याच्या दांड्यांसाठी तशीच रबरी बेअरिंगे वापरात आली.

गंमत अशी, की रबर हा पाणी न धरणारा पदार्थ आहे. त्याच्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते. असे असूनही दांडा वेगाने फिरतो तेव्हा तो पाणी ओढून आत आणतो आणि रबरावर तरंगतो. दांडा थांबला, की पाणी दबून निघून जाते आणि रबर पुन्हा धातूला घट्ट धरते. रबर, धातू आणि पाणी यांची जोडी तीच, पण एका क्षणी घसरण आणि दुसऱ्या क्षणी पकड. रबराची स्लिपर, टाइल आणि पाणी यांच्यात नेमके हेच घडते.

अळवावरचे पाणी

पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाचा दाखला मराठीत फार जुना आहे. क्षणभंगुर गोष्टीला आपण अळवावरचे पाणी म्हणतो. अळूच्या पानावरच्या मेणचट, सूक्ष्म खडबडीत थरामुळे पाण्याला तिथे पसरता येत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळतो. याउलट स्वच्छ काचेवर पाणी पसरते आणि चिकटून राहते. काचेला पाणी हवेसे असते, अळूला नकोसे.

हा फरक दोन पृष्ठभागांमध्ये पाणी सापडल्यावर निर्णायक ठरतो. पाणी हव्याशा वाटणाऱ्या दोन पृष्ठभागांत शेवटचा पातळ थर चिवटपणे टिकतो, तो दाबूनही सहज जात नाही. दोन्ही पृष्ठभाग पाणी झटकणारे असतील, तर तो थर पातळ होता होता अस्थिर होतो. त्यात कोरडी छिद्रे पडतात, ती पसरतात आणि पाणी आपणहून बाजूला सरते. पृष्ठभाग एकमेकांना थेट भिडतात आणि पकड येते. म्हणजे ‘पाणी झटकणारे ते निसरडे’ ही सर्वसाधारण समजूत निदान सावकाश हालचालीच्या बाबतीत उलटी आहे.

याचा सुंदर पुरावा पालीने दिला. पालीच्या बोटांखालची सूक्ष्म केसाळ रचना पाणी झटकणारी असते. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये टोके जातीच्या पालींची पकड वेगवेगळ्या पृष्ठभागांवर, कोरड्यात आणि पाण्याखाली मोजली. पाणी धरून ठेवणाऱ्या काचेवर पाण्याखाली त्यांची पकड फारच कमी झाली. पाणी झटकणाऱ्या मेणचट पृष्ठभागावर मात्र ती कोरड्याइतकीच राहिली. टेफ्लॉनवर तर ती कोरड्यापेक्षा पाण्यात वाढली. पाऊसवनात राहणाऱ्या पालीला हे उपयोगाचेच आहे. तिथल्या पुष्कळ पानांवर मेणाचा थर असतो. पाल आणि पान दोघेही पाणी नाकारतात, म्हणून मध्ये पाणी उरत नाही.

मग रबराची चप्पल घालूनही माणूस का घसरतो? एक म्हणजे चकचकीत काचेरी टाइल स्वच्छ असताना पाणी धरून ठेवते. या जोडीत पाणी झटकणारी बाजू एकच असते. दुसरे आणि मोठे कारण वेळेचे. चालताना टाच जमिनीवर येते आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात शरीराचा भार तिच्यावर पडू लागतो. तेवढ्या वेळात खालचे पाणी बाहेर पडले तर पाय टिकतो, नाही पडले तर सटकतो. पाणी बाहेर पडायला किती वेळ लागणार, हे त्याला किती लांब जावे लागते यावर ठरते. दाब तोच ठेवून सपाट भागाची रुंदी दुप्पट केली, तर पाणी निघायला सुमारे चौपट वेळ लागतो. थर जितका पातळ होत जातो, तितका उरलेला भाग काढायला आणखी वेळ लागतो. तळव्याला खाचा असतील, तर एका मोठ्या सपाट तुकड्याचे अनेक लहान तुकडे होतात आणि पाण्याला जवळची वाट मिळते. पकड वाढते ती या वाटांमुळे.

इथे घरोघरच्या एका सवयीकडे बोट दाखवावे लागेल. बाहेर घालायची चप्पल झिजली, की ती फेकली जात नाही. तिला बढती देऊन बाथरूमची चप्पल केले जाते. म्हणजे जिथे खाचांची सर्वाधिक गरज असते, नेमकी तिथेच खाचा नसलेली चप्पल जाते. काटकसर म्हणून ही गोष्ट समजण्यासारखी आहे, पण नवी रबरी स्लिपर आणि खुब्याची शस्त्रक्रिया यांच्या खर्चाची तुलना केली तर ही काटकसर ठरत नाही.

रस्त्यावरही हिशेब हाच. साचलेल्या पाण्यावर मोटारीचा टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, याचा अभ्यास अमेरिकेच्या ‘नासा’ने विमानांच्या धावपट्ट्यांसाठी १९६० च्या दशकात केला. त्यातून निघालेल्या ठोकताळ्यानुसार ३० ते ३३ पौंड हवा असलेला टायर ताशी सुमारे ९० ते ९५ किलोमीटरला पाण्यावर पूर्ण तरंगू शकतो. हवा कमी असेल, तर त्याहून कमी वेगालाही. द्रुतगती मार्गावर हा वेग सहज गाठला जातो. टायरच्या नक्षीचे काम पाणी बाहेर काढणे हेच आहे. म्हणूनच ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, की टायर बदलावा असे दाखवणाऱ्या खुणा मोटारीच्या टायरमध्येच दिलेल्या असतात. चपलेला अशी खूण कुणी देत नाही, ती डोळ्यांनीच पाहावी लागते.

खरा खलनायक साबण

न्हाणीघरात नुसते पाणी कमीच असते. असते ते साबणाचे, शाम्पूचे किंवा तेलाचे पाणी, आणि ते साध्या पाण्याहून कितीतरी धोकादायक असते. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाकडे ओढ घेते आणि दुसरे पाण्याकडे. रबर किंवा प्लॅस्टिकसारख्या पाणी नाकारणाऱ्या पृष्ठभागावर हे रेणू तेलकट टोक खाली आणि पाणीप्रेमी टोक वर करून बसतात. जो पृष्ठभाग पाणी झटकत होता, तोच आता पाणी धरू लागतो. पाल आणि मेणचट पान यांच्यात जे घडले, त्याच्या नेमके उलट. पातळ थर फुटत नाही, टिकून राहतो. शिवाय थर फार पातळ झाला तरी साबणाच्या रेणूंचे अस्तर दोन्ही बाजूंना असतेच, तेही घसरवते.

सपाट जमिनीवर साधे चालायला पाय आणि जमीन यांच्यात सुमारे ०.२ इतका घर्षणांक पुरतो. कोरड्या फरशीवर रबराला याच्या दुपटीहून अधिक सहज मिळतो. गुळगुळीत फरशीवर साबणाचे पाणी आले, की तो ०.१ च्याही खाली जाऊ शकतो. अशा जागी जपून चालणारा तरुणही सावरू शकेलच असे नाही. मग गुडघे दुखणाऱ्या, तोल सावरायला वेळ लागणाऱ्या सत्तरीच्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करायची?

बोअरचे पाणी जड असेल, तर आणखी एक भर पडते. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट पांढुरका थर बनतो. तो फरशीच्या बारीक खडबडीतपणात बसतो आणि तिला गुळगुळीत करून टाकतो. न वापरल्या जाणाऱ्या कोपऱ्यात, अंगणात, गच्चीवर पावसाळ्यात शेवाळ येते, तेही पाणी धरून ठेवणारे बुळबुळीत अस्तरच असते. दर आठवड्याला ताठ ब्रशने घासणे हे म्हणून केवळ स्वच्छतेचे काम नाही, ते पडण्यापासून बचावाचेही काम आहे.

शरीराला मात्र पाणी अडवायचे असते

निसर्गाने जिथे घसरण हवी आहे, तिथे नेमकी उलटी युक्ती केली आहे. गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेत सुमारे ७० ते ८० टक्के पाणी असते. पळताना, जिना उतरताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, तरीही निरोगी सांध्याचा घर्षणांक ०.००१ ते ०.०२ च्या आसपास राहतो. सांध्यात टॉवरच्या बेअरिंगसारखा वेग नसतो, मग हे जमते कसे? कूर्चेच्या पृष्ठभागावरचे रेणू विद्युतभारित असतात आणि पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले जेकब क्लाइन आणि उरी राविव यांनी २००२ मध्ये दाखवले, की असे धरून ठेवलेले पाणी दाबाखालीही निसटत नाही, आणि तरीही ते गोठल्यासारखे घट्ट न होता वाहते राहते. म्हणून ते वंगणाचे काम करते. संधिवातात कूर्चेचे हे अस्तर खराब होते आणि सांधा घासू लागतो.

डोळ्याचेही असेच आहे. पापणी दिवसभरात हजारो वेळा बुबुळावरून सरकते, ती अश्रूंच्या थरावरून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टर्ले यांनी पाणी धरणाऱ्या मऊ पदार्थाची कॉन्टॅक्ट लेन्स बनवली आणि लेन्स वापरणे सुसह्य झाले. पुढे डोळ्याला अधिक प्राणवायू मिळावा म्हणून लेन्समध्ये सिलिकॉन आणले गेले. पण सिलिकॉन रबरासारखेच पाणी झटकते. त्यावर अश्रूंचा थर फाटतो, कोरडे ठिपके पडतात आणि डोळा चुरचुरतो. म्हणून अशा लेन्सच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करून किंवा तिच्या पदार्थातच बदल करून तिला पाणी धरायला लावावे लागले.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. शरीराचा नियम तिच्या पहिल्या निम्म्याशी जुळतो. सांध्यात आणि डोळ्यात पाणी अडवायचे. फरशीचा नियम दुसरा आहे. तिथे पाणी अडता कामा नये, त्याला जायला वाट हवी. आपल्या घरांत सध्या दुसऱ्या नियमाचा विसर पडला आहे.

दुकानात कोरडी, घरात ओली

फरशी निवडण्याची पद्धत पाहा. दुकानात प्रखर दिव्यांखाली कोरड्या, लख्ख टाइल मांडलेल्या असतात. रंग, चकाकी, आकार, दर यांची चर्चा होते. ‘स्वच्छ करायला सोपी आहे’ हे ऐकून सौदा पक्का होतो. ओली झाल्यावर ती पायाला किती धरेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खरे तर न्हाणीघराची फरशी आयुष्याचा मोठा भाग ओलीच असणार असते.

हे मोजता येत नाही असे अजिबात नाही. जर्मन पद्धतीच्या चाचणीत बूट घातलेला माणूस तेल सांडलेल्या उतारावर चालतो आणि उतार वाढवत नेला जातो. तो कोणत्या अंशाला घसरू लागतो त्यावरून आर-९ ते आर-१३ असे वर्ग ठरतात. आपल्याकडच्या काही कॅटलॉगवरही हे आकडे दिसतात, पण ग्राहकाची फसगत होते ती इथेच. आर-९ म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. ती त्या पट्टीतली सर्वांत खालची पायरी आहे. त्या टाइलवर माणूस ६ ते १० अंशांच्या उतारालाच घसरू लागतो. आर-११ म्हणजे १९ ते २७ अंश. अनवाणी पायांसाठी, साबणाचे पाणी वापरून वेगळी चाचणी असते आणि तिचे ए, बी, सी असे वर्ग असतात. त्यात सी सर्वांत चांगला. ब्रिटनमध्ये रबराचा तुकडा लावलेला झुलता लंबक ओल्या फरशीवरून घासत नेतात. त्याचा आकडा ३६ किंवा अधिक असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम आणि २४ पर्यंत जास्त मानतात. चकचकीत फरशी कोरडी असताना या कसोटीत सहज उतरते आणि ओली होताच नापास होते. म्हणून जो आकडा विचारायचा, तो ओल्या फरशीचा.

यावर दुकानदार आणि घरमालक दोघांचा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. खडबडीत फरशी लवकर मळते आणि घासायला त्रास होतो. पण खडबडीत फरशी सगळ्या घराला लागत नाही. न्हाणीघर, धुण्याची जागा, ओला ओटा आणि बाहेरच्या पायऱ्या एवढ्यापुरतीच ती हवी. शिवाय न्हाणीघरात मोठ्या टाइलऐवजी लहान टाइल बसवल्या, तर त्यांच्यामधले सांधे पाण्याच्या वाटा होतात. जुन्या मोरीतली टाकीचे घाव दिलेली शहाबादी फरशी नेमके हेच काम करायची. ती दिसायला साधी होती आणि शेवाळही धरायची, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण तिच्यामागचा विचार टाकून देण्यासारखा नव्हता.

दुसरा मोह असतो लेपाचा. फरशीवर पाणी झटकणारा लेप लावला तर काम होईल, असे वाटू शकते. पालीचे उदाहरण तेच सुचवत नाही का? काही अंशी हो, पण न्हाणीघरात साबण असतो आणि साबण त्या लेपालाही पाणी धरायला लावतो. शिवाय टाच वेगाने येते आणि गुळगुळीत लेपावर पाण्याला निसटायला वाट नसते. पाणी न धरणे वेगळे आणि पाय न घसरणे वेगळे. खडबडीतपणा आणि खाचा आधी, बाकी सगळे नंतर.

आकडा पेटीवर हवा

हे सगळे ग्राहकाच्या जागरूकतेवर सोडून चालणार नाही. फ्रिजवर विजेच्या बचतीचे तारे असतात आणि ते पाहून लोक निवड करतात. त्याच धर्तीवर टाइलच्या प्रत्येक पेटीवर ओल्या फरशीचा वर्ग ठळकपणे, साध्या मराठीत छापणे बंधनकारक करायला हवे. ‘अँटिस्किड’ हा मोघम शब्द पुरेसा नाही, आकडा हवा. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत न घसरणाऱ्या जमिनीचा आग्रह आहे, पण ती प्रामुख्याने सार्वजनिक इमारतींना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. बहुतेक वृद्ध ज्या न्हाणीघरात रोज जातात, ते मात्र बिल्डरच्या मर्जीवर सोडलेले आहे. सदनिकेच्या करारात दरवाजाच्या लाकडापासून नळाच्या कंपनीपर्यंत सारे लिहिलेले असते. तिथे न्हाणीघराच्या फरशीचा ओला आकडाही लिहिला जावा, असा आग्रह महारेराने धरला तर बिल्डरला फार मोठा खर्च येणार नाही.

डॉक्टरांकडूनही एक छोटी अपेक्षा आहे. खुब्याच्या किंवा मनगटाच्या अस्थिभंगानंतर रुग्ण घरी जाताना गोळ्यांची यादी मिळते, व्यायामाचा कागद मिळतो. त्या कागदावर चार ओळी घराच्या फरशीबद्दलही असाव्यात. ज्या जागी माणूस एकदा पडला, तिथेच तो पुन्हा जाणार असतो.

ज्यांना फरशी बदलणे परवडणार नाही, त्यांच्यासाठीही बरेच काही हातात आहे. बाथरूमच्या चपलेच्या तळव्याच्या खाचा दिसेनाशा झाल्या, की ती टाकून द्यावी. छिद्रे असलेली रबरी चटई घ्यावी, कारण छिद्रांतून पाणी जाते. तिच्या खालच्या बाजूची चिकट बुळबुळ दर आठवड्याला घासावी, नाहीतर चटईच घसरते. अंघोळीनंतर साबणाचे पाणी साध्या पाण्याने धुऊन टाकावे आणि वायपरने ओढावे. तेल लावून अंघोळ करायची असेल, तर ते खुर्चीवर बसून लावावे. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतो. पाणी मोरीकडे वाहून जात नसेल आणि साचत असेल, तर उतार दुरुस्त करून घ्यावा.

यातली कोणतीही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ती सवय बदलणे, पडलेल्या माणसाला बोल लावण्याची. पाणी आपल्या स्वभावानेच वागते. वाट मिळाली तर जाते, नाही मिळाली तर पायाखाली थांबते. ती वाट ठेवणे फरशी बनवणाऱ्याचे, बसवणाऱ्याचे आणि निवडणाऱ्याचे काम आहे. पुढच्या वेळी घरात कुणी घसरले, तर ‘बघून चालत जा’ म्हणण्याआधी त्या चपलेचा तळवा उलटा करून पाहावा आणि फरशीवरून ओला हात फिरवावा. दोष कुठे आहे, ते बहुतेक वेळा तिथेच कळेल.